‘कामाच्या जागे’पासून ‘वास्तुरचनाकाराच्या श्वासा’पर्यंत : स्टुडिओ मुंबईच्या कीर्तीची चिकित्सा

१

स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना-कार्यशाळेची दोन प्रदर्शने तेरा वर्षांच्या अंतराने युरोपात भरली. पहिले २०१० साली व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत आणि दुसरे ९ डिसेंबर २०२३ ते २१ एप्रिल २०२४ या काळात पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये. पहिल्याचे नाव होते ‘वर्क-प्लेस’, म्हणजे कामाची जागा. दुसऱ्याचे नाव ‘ब्रेथ ऑफ ॲन आर्किटेक्ट’, म्हणजे एका वास्तुरचनाकाराचा श्वास. प्रदर्शनांची नावे आपण सहसा पत्रिकेवरची शोभा समजून सोडून देतो. इथे मात्र या दोन नावांमधल्या अंतरात एका लहान कार्यशाळेच्या कीर्तीचा सबंध इतिहास दडलेला आहे, असे मला वाटते. आधी जागा दिसत होती, नंतर माणूस दिसू लागला. आधी अनेकांचे काम मांडले गेले, नंतर एकाचा श्वास मांडला गेला. हे कसे घडले आणि त्यात काय हरवले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्टुडिओ मुंबईबद्दल इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी भाषांत पुष्कळ छापून आले आहे. माद्रिदच्या ‘एल क्रोकिस’ या वास्तुकलेच्या नियतकालिकाने २०११ आणि २०१९ अशा दोन वेळा या कार्यशाळेला अंक वाहिले. तिचे काम जिथे उभे राहिले त्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याची भाषा मराठी. त्या भाषेत या कामाची चर्चा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी आलेली नाही. आपल्याकडे कविता-कादंबरीची समीक्षा होते, नाटक-चित्रपटांची होते. इमारतीची होत नाही. घर ही वस्तू आपण राहण्याची, विकण्याची किंवा भांडण्याची मानतो, वाचण्याची मानत नाही. तेव्हा ही चर्चा वाङ्मयीन अंकात का, असा प्रश्न कुणाला पडला तर त्याचे उत्तर एवढेच की संहिता कोणाची, कर्ता कोण आणि वाचकापर्यंत काय पोहोचते, हे प्रश्न साहित्याच्या वाचकाला अधिक चांगले कळतात.

दुसरे म्हणजे मी सातपाटीत राहतो. आराखडा आणि बांधणी एकाच हातात ठेवण्याची पद्धत जगाला अलिबागेत ‘सापडली’, तेव्हा माझ्या गावात ती किनाऱ्यावर उघड्यावर चालू होती. फक्त तिथे घरे बांधत नव्हते, होड्या बांधत होते. या लेखातले माप मी त्या होडीवरून घेतले आहे.

२

आधी कार्यशाळेची वाटचाल थोडक्यात सांगतो. बिजॉय जैन यांचा जन्म १९६५ सालचा, मुंबईचा. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी १९९० मध्ये वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. लॉस एंजलिस आणि लंडन इथे काम करून १९९५ मध्ये ते भारतात परतले. पुढे अलिबाग परिसरात, नागावला, त्यांची कार्यशाळा उभी राहिली. काशीदचे तारा हाउस, नांदगावचे पामायरा हाउस, चोंढीचे कॉपर हाउस ही या परिसरातली गाजलेली कामे. २००९ मध्ये शाश्वत वास्तुकलेसाठीचा ‘ग्लोबल अवॉर्ड’ मिळाला. २०१० मध्ये पामायरा हाउस आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीत आले, आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या परीक्षकांनी ‘वर्क-प्लेस’ची विशेष दखल घेतली. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडचा बीएसआय पुरस्कार आणि २०२० मध्ये फिनलंडचे अल्वार आल्तो पदक. एवढा मान मिळालेली लहान भारतीय कार्यशाळा दुसरी चटकन सांगता येणार नाही.

या कीर्तीच्या मुळाशी एक कामाची रीत आहे. नेहमीच्या व्यवहारात वास्तुरचनाकार नकाशा काढतो, कंत्राटदार निविदा भरतो, मुकादम माणसे आणतो आणि सुताराच्या हाती अखेर एक छापील कागद पडतो. नागावच्या कार्यशाळेत ही उतरंड मोडली होती. सुतार, गवंडी आणि वास्तुरचनाकार एकाच आवारात काम करत. एखादी खिडकी कशी असावी हे ठरवायचे तर तिचा खऱ्या मापाचा नमुना करून बघायचा, तो उन्हात-पावसात ठेवायचा, मग मोडून पुन्हा करायचा. प्लायवुडवर चिकटपट्टीने रेखाटन करायचे. सुतारानेही आपल्या वहीत सांधा काढून दाखवायचा. कागद हा हुकूम राहिला नाही, तो बोलण्याचे साधन झाला.

व्हेनिसला नेले ते हेच. काझुयो सेजिमा यांनी त्या वर्षीच्या बिएनालेची रचना ‘वास्तूत माणसे भेटतात’ या सूत्राभोवती केली होती. त्यात स्टुडिओ मुंबईने पुऱ्या झालेल्या घरांच्या चकचकीत छायाचित्रांऐवजी आपल्या आवारातले सामानच मांडले: नमुने, लाकडाचे आणि धातूचे तुकडे, अवजारे, रेखाटने. पाहणारा एखाद्या घराकडे न बघता घर होण्याआधीच्या खटाटोपाकडे बघत होता. माझ्या मते हे या कार्यशाळेचे सर्वांत प्रामाणिक विधान आहे.

३

या रीतीचे फळ काय, हे पामायरा हाउसवरून सांगता येते. नांदगावच्या समुद्राकाठच्या नारळीच्या वाडीत समोरासमोर दोन लांबट लाकडी आयताकृती खोकी, मध्ये पाणी. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. दर्शनी भाग भिंतींचा नाही. ताडाच्या खोडापासून काढलेल्या आडव्या पट्ट्यांचा आहे. वारा आत येतो, ऊन चिरून येते, आणि रात्री दिवा लावला की सगळे घर कंदिलासारखे दिसते. घर २००७ मध्ये पूर्ण झाले.

ताडाच्या पट्ट्यांची ही निवड इंग्रजी लेखांतून ‘स्थानिक साहित्य’ या दोन शब्दांत आटोपली जाते. आमच्या पट्ट्यातल्या वाचकाला तिचा अर्थ अधिक कळेल. ताडाचे खोड बाहेरून लोखंडासारखे आणि आतून भुसभुशीत असते. जून झालेल्या झाडाचा बाहेरचा थर तेवढा टिकतो. त्याचे वासे निघतात, आतला गर काढून टाकला की पन्हळ होते. म्हणजे ताडातून रुंद फळी मिळतच नाही, अरुंद पट्टीच मिळते. पामायरा हाउसचा दर्शनी भाग बारीक पट्ट्यांचा आहे, त्यात रचनाकाराच्या आवडीइतकाच झाडाच्या स्वभावाचा वाटा आहे. आराखडा सामानाच्या मागून गेला आहे. सुताराला आणि रचनाकाराला एकत्र बसवल्याशिवाय हे सुचत नाही. नकाशा मुंबईत काढून नांदगावला पाठवला असता तर तिथे सागाची किंवा ॲल्युमिनियमची जाळी लागली असती.

चोंढीच्या कॉपर हाउसमध्ये हीच समज पाण्याच्या बाबतीत दिसते. विहीर खणताना निघालेल्या मातीचा उंचवटा करून त्यावर घर बसवले, मध्ये चौक ठेवला. कोकणातल्या कोणत्याही जाणत्या माणसाने हेच सांगितले असते: आधी विहीर, मग जोते. नवे काही नाही, पण जुने शहाणपण पैसेवाल्या मालकाच्या गळी उतरवणे हेही कौशल्यच आहे.

इथपर्यंत माझे मत अनुकूल आहे. ही घरे चांगली आहेत, आणि ज्या कारणांनी चांगली आहेत ती कारणे खरी आहेत. अडचण पुढे सुरू होते.

४

ही घरे खासगी आहेत. शहरातल्या सधन माणसांची, बरीचशी सुटीच्या दिवसांची. त्यांच्या फाटकातून आत जाणारा माणूस एकतर पाहुणा असतो किंवा नोकर. उरलेल्या जगाला ती छायाचित्रांतून भेटतात. ‘सार्वजनिक दखल’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण इथे दखल सार्वजनिक आहे आणि वस्तू खासगी. लोकांना वापरता न येणाऱ्या वास्तूची लोकांत कीर्ती होते, तेव्हा ती कीर्ती अपरिहार्यपणे दिसण्याची असते, वापराची असू शकत नाही. कोणती कडी गंजली, कोणत्या पट्टीला वाळवी लागली, चौथ्या पावसाळ्यात गळती कुठे झाली, हे छायाचित्र सांगत नाही. छायाचित्र काढले जाते ते बहुधा घराच्या पहिल्या वर्षी.

होडीचे उलटे आहे. सातपाटीची लाकडी होडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचा बांधा आठवेल. मासेमारीच्या होड्यांवरच्या लिखाणात ‘सातपाटी पद्धतीची होडी’ असा वेगळा प्रकार नोंदलेला आहे: नाळ मध्यम टोकदार, तळाचा कणा सरळ, बाजू उंच. वसईची वेगळी, वर्सोव्याची वेगळी, रत्नागिरीची वेगळी. हा फरक हौसेने पडलेला नाही. खाडीच्या तोंडाशी गाळ किती, भरती-ओहोटीत फरक किती, जाळे डोलीचे की दालदीचे, पापलेटासाठी किती आत जायचे, यांवरून तो पडला.

ही होडी बांधणारा सुतार कागदावर आराखडा काढत नसे. होडीचा मालक लांबी सांगे, जाळे कोणते ते सांगे, इंजिन कुठले ते सांगे. सुतार कणा मांडी आणि त्यावरून पुढची मापे त्याच्या मनात ठरत. फळ्या सागाच्या. फासळ्यांसाठी बाभळीची मुळात वाकडी वाढलेली फांदी निवडायची, कारण वाकवलेले लाकूड ताणाखाली उसवते आणि मुळात वाकडे वाढलेले तग धरते. फांदी बघून तिची होडीतली जागा ओळखणे हा आराखडाच आहे, फक्त तो डोळ्यांत असतो. ताडाच्या पट्टीबद्दल वर म्हटले तेच इथे लागू आहे: आकार सामानाच्या मागून जातो.

आणि मग परीक्षा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, उघड्या पडतात. गेल्या हंगामात फट कुठे पडली, कापूस कुठून सुटला, कुठली फळी बदलायची, हे सगळ्या गावादेखत कळते. बांधणाऱ्याला त्याचे काम दर वर्षी पुन्हा भेटायला येते. त्याची दुरुस्तीही बहुतेक वेळा तोच करतो. म्हणून किनाऱ्यावर सुताराचे नाव होते ते होडी पाण्यात उतरते त्या दिवशी नव्हे, चार-पाच पावसाळ्यांनंतर. एका अर्थी ही समीक्षेची पक्की पद्धत आहे. तिच्यात समीक्षक बुडण्याचा धोका पत्करून मत देतो.

यावरून स्टुडिओ मुंबई कमी आणि सातपाटीचा सुतार थोर, असे मला म्हणायचे नाही. होडीची चूक जीव घेते, म्हणून तिच्यात नवे करून बघण्याला फार थोडी जागा असते. नागावच्या आवारात एक खिडकी पुन्हा पुन्हा करून मोडण्याची मुभा होती. ती मुभा मोलाची आहे, आणि ती मिळावी म्हणून सधन मालक लागला हेही खरे. मुद्दा एवढाच की दोन्ही ठिकाणी ज्ञान एकाच प्रकारचे आहे. एकाला जगाने प्रदर्शनात मांडले, दुसरे किनाऱ्यावरून नाहीसे होत आहे. फायबरच्या होड्या आल्या, साग परवडेनासा झाला, तरुण मुले बोईसरच्या कारखान्यांत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. तो मासा आणणारी लाकडी होडी कशी बांधत, हे सांगणारी माणसे मात्र हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी राहत आहेत.

५

आता नावाच्या प्रश्नाकडे येतो. ‘सातपाटी पद्धतीची होडी’ या नावात गाव आहे, व्यक्ती नाही. ‘स्टुडिओ मुंबई’ या नावातही शहर आहे, व्यक्ती नाही. बिजॉय जैन यांनी कार्यशाळेला स्वतःचे नाव दिले नाही, आणि आपले काम अनेकांचे आहे हे ते सांगत आले आहेत. तेव्हा त्यांनी कोणाचे श्रेय लाटले, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. तरीही कीर्ती वाढत गेली तसतसे शहराचे नाव मागे पडले आणि माणसाचे पुढे आले. पुरस्काराच्या रचनेतच हे आहे. पदकाला एकच गळा लागतो.

याची मुळे जुनी आहेत. पंधराव्या शतकात इटलीत लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने वास्तुकलेवरचा ग्रंथ लिहिला, त्यात सुतार हा वास्तुरचनाकाराच्या हातातले साधन आहे असे प्रतिपादन केले. तोवर युरोपातही मोठी देवळे बांधणारे लोक गवंडी-पाथरवटच होते. अल्बेर्तीनंतर आराखडा हे बुद्धीचे काम आणि बांधणी हे हाताचे काम अशी विभागणी पक्की होत गेली. इंग्रजी अमदानीत ती आपल्याकडे आली, आणि १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने तिला कायद्याचा शिक्का मिळाला. नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. ग्राहकाच्या रक्षणासाठी हे योग्यच असेल. पण होडी मनात आखणाऱ्या सुताराला त्या उपाधीत जागा नाही, हा त्याचा दुसरा अर्थ.

आपल्या बाजूची विभागणी याहून जुनी आणि याहून कठोर होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचे जे वर्णन येते, त्यात सुतार वर्षभर शेतकऱ्याची औते करतो, दुरुस्त करतो आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेतो. करणे आणि सांभाळणे तिथे वेगळे नव्हते. पण ते नाते जातीने बांधलेले होते. हात कोणाचा आणि पाट कोणाचा हे जन्माने ठरत होते. म्हणून ‘हाताने घडवलेले’ हा शब्द ऐकून पॅरिसचा प्रेक्षक जसा मोहरतो तसे आपल्याला मोहरता येत नाही, येऊही नये. आपल्याला माहीत असते की हात हा कोणाचा तरी असतो, त्याला घर असते, मजुरी असते, आडनाव असते.

कार्तिए फाउंडेशनच्या प्रदर्शनात जैन यांच्या बरोबरीने बीजिंगच्या चित्रकार हू लिउ आणि पॅरिसच्या कुंभकलाकार अलेव एब्युझिया सीस्बी यांचे काम मांडले होते, त्यांच्या नावानिशी. दगड, माती, बांबू यांच्या वस्तूंमधून शांतता आणि श्वासाची लय असा त्या प्रदर्शनाचा सूर होता. तो सूर मला खोटा वाटत नाही. परंतु व्हेनिसला जी अवजारे होती, खटाटोप होता, चुकलेले नमुने होते, त्यांची जागा आता मौनाने घेतली. आणि मौनात कामगाराचा आवाज सर्वांत आधी बंद होतो. श्वास एकाचाच असतो. आवार अनेकांचे असते.

६

प्रसिद्धीने कलेचे काय होते, याचा धडा आमच्याच जिल्ह्यात आधी गिरवून झाला आहे. वारली लग्नात चौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर आणि कापडावर चित्रे काढू लागले. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

यात मिळाले ते थोडे नाही. एका आदिवासी कलावंताचे नाव जगाला कळले, हजारो घरांना रोजगार मिळाला. मशे यांची चित्रे थोर आहेत, त्यांच्या जाळ्यांतली आणि तारप्याच्या फेऱ्यांतली लय कुणाच्या नकलेने येत नाही. पण भिंतीवरून कापडावर येताना दोन गोष्टी बदलल्या. बायकांचे, विधीतले, निनावी काम मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या सहीचे झाले. आणि लग्न सरल्यावर पुसट होत जाणारे चित्र कायमची वस्तू झाले. प्रसिद्धी ही केवळ दिवा नसते, ती साचाही असते. ज्यावर पडते त्याला आपल्या मापाचे करून घेते. मशे यांच्या बाबतीत निदान सही हाताच्या मालकाची होती. वास्तूच्या बाबतीत तीही नसते.

स्टुडिओ मुंबईच्या एका कामात हे सगळे धागे एकत्र येतात. २०१६ मध्ये मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया बागेत त्यांनी ‘एमपॅव्हिलियन’ हा मांडव उभारला. सुमारे सात किलोमीटर बांबू, पन्नास टन स्थानिक निळसर दगड, लाकडी खुंट्या, दोरीचे बंध. छपराला कारवीच्या काठ्यांची विणलेली तट्टे. ती भारतातल्या कारागिरांनी चार महिने खपून केलेली. हंगाम संपल्यावर तो मांडव मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात कायमचा हलवला गेला. कारवी म्हणजे काय हे पालघरच्या वाचकाला सांगायला नको. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरणारे हे सह्याद्रीतले झुडूप. त्याच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप, हीच वारल्याच्या घराची भिंत आणि तीच त्याच्या चित्राची पाटी. घरकुल योजनेच्या विटा-सिमेंटने ती भिंत इथे मागे पडत असताना तिचे तट्टे मेलबर्नला सन्मानाने जाऊन बसले. मला हा मांडव आवडतो. स्टुडिओ मुंबईच्या कामांपैकी तो खरोखर सार्वजनिक आहे, कुणीही त्याखाली उभे राहू शकते. फक्त तो आपल्यापासून इतका दूर आहे की कारवी तोडणाऱ्याला आपले काम तिथे काय झाले ते कधी दिसणार नाही. होडी परत येते. मांडव परत येत नाही.

७

मग याहून वेगळे काही शक्य आहे का? एक उदाहरण समोर आहे. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला अनेक दशके आराखडा आणि बांधणी एकत्रच केली. गवंड्यांशी जागेवर बोलून, रद्दी कागदावर रेघोट्या काढून. त्यांनाही १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, कीर्ती मिळाली. परंतु त्यांनी आपली रीत छोट्या, सचित्र, स्वस्त पुस्तिकांतून लिहून ठेवली: विटांची जाळी कशी रचावी, खर्च कुठे वाचतो, काय टाळावे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ या संस्थेने ती रीत पुढे चालवली. बेकर २००७ मध्ये वारले, पद्धत राहिली. कीर्ती व्यक्तीकडे गेली तरी ज्ञान इतरांकडे जाईल अशी सोय त्यांनी केली होती. आमच्याकडे डहाणूजवळच्या मुरबाड गावात ‘डिझाइन जत्रा’ हा तरुण वास्तुरचनाकारांचा गट गावातल्या कारागिरांबरोबर माती, बांबू, कारवी यांची बांधकामे करतो. त्यांच्याकडेही आता बाहेरच्या जगाचे लक्ष वळते आहे. ते लक्ष त्यांच्याकडून काय मागेल, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नाही.

स्टुडिओ मुंबईची रीत अशी पसरली नाही. पुढच्या काळात तिच्या कामाचे केंद्र मुंबईत सातरस्त्याजवळच्या जुन्या गोदामाच्या जागी आले. कामे जपानमधल्या ओनोमिचीपर्यंत पोहोचली. ही वाढ स्वाभाविक आहे. पण नागावचे आवार ही त्या कार्यशाळेची सर्वांत मोठी रचना होती, असे माझे मत आहे, पामायरा हाउसहून आणि कॉपर हाउसहून मोठी. माणसांना एकत्र बसवण्याची ती रचना होती. तिचे छायाचित्र निघाले, प्रदर्शन झाले, आणि तिला पुनरावृत्ती करण्याजोगी पद्धत म्हणून कोणी वाचले नाही. यात दोष एकट्या कार्यशाळेचा नाही. बघणाऱ्यांचा अधिक आहे. समीक्षकांनी घराच्या पट्ट्यांवर लिहिले, उन्हाच्या तिरिपीवर लिहिले, शांततेवर लिहिले. आवारातली मजुरी, शिकण्याची सोय, काम नसतानाचे महिने, म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली कोण आहे, हे प्रश्न सौंदर्याच्या बाहेरचे मानले गेले. माझ्या दृष्टीने ते सौंदर्याच्या आतले आहेत. ताडाची पट्टी तिथे लागली ती ज्या बोलण्यातून, त्या बोलण्याला बसायला जागा लागते आणि दोन्ही बाजूंना बोलण्याचा हक्क लागतो.

तेव्हा आराखडा आणि बांधणी एकत्र ठेवणाऱ्या कोणत्याही लहान कार्यशाळेची दखल घेताना तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवतो. कामावर कोणाकोणाची नावे आहेत? पाचव्या पावसाळ्यात ते काम कसे आहे आणि दुरुस्तीला कोण येतो? ही रीत तिथून उठून दुसऱ्या गावात गेली का? हे प्रश्न अवघड नाहीत. किनाऱ्यावर होडीला ते नेहमीच विचारले गेले.

उलट दिशेनेही एक काम आहे, आणि ते आपले आहे. नागावच्या सुतारांच्या नमुन्यांना व्हेनिसपर्यंत नेणारा कोणी होता. सातपाटीच्या होडीला तसा कोणी मिळाला नाही, आणि आता वेळ थोडा आहे. शेवटची लाकडी होडी संग्रहालयात ठेवण्याने काही साधणार नाही. ती तिथे वस्तू होईल आणि तिच्याखाली कोणा देणगीदाराचे नाव येईल. कणा मांडल्यापासून कापूस ठोकून होडी पाण्यात जाईपर्यंतचा एक हंगाम, सुताराच्या शब्दांत, त्याच्या मापांनिशी आणि त्याच्या संमतीने त्याच्या नावानिशी मराठीत लिहिला गेला पाहिजे. मापे हातांत असतील, शब्द कोळी बोलीतले असतील, काही गोष्टी तो सांगणारही नाही. तरी चालेल. तो लेख प्रसिद्ध करताना त्याला शीर्षक द्यायची वेळ आली, तर २०१० सालचे उसने घ्यायला हरकत नाही. ‘कामाची जागा’ हे नाव चांगले होते. ज्यांनी ते दिले त्यांच्याकडूनही ते पुढे सुटले, एवढेच.